अठरा किलो उतरले, आता इंजेक्शन सोडू का?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका शिक्षिकेचा आहे. वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर. वर्षापूर्वी वजन ९६ किलो होतं, आज ७८ आहे. आठवड्यातून एकदा टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन चालू आहे, सध्या १० मिलिग्रॅम. बीपीच्या दोन गोळ्यांची एक झाली, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ वरून ५.६ टक्क्यांवर आली आणि शाळेचा जिना चढताना आता कठडा धरावा लागत नाही. गेले तीन महिने मात्र काटा ७८ वरच उभा आहे. त्या लिहितात: "आता बंद केलं तर चालेल का? सासूबाई म्हणतात, सवय लागेल. जिममधला मुलगा म्हणतो, आता डाएटवर धरून ठेवा. डोस कमी करून किंवा पंधरा दिवसांतून एकदा घेऊन भागेल का? महिन्याचा खर्च जड जातोय. पुढे नवरात्राचे नऊ उपवास आहेत. आणि सटाण्याला माहेरी जाताना इंजेक्शनचं पेन बर्फात ठेवून नेऊ का?"

ताई, जिममधल्या मुलाने शब्द अगदी नेमका वापरलाय: धरून ठेवा. वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं धरून ठेवणं हे दुसरं, आणि दुसरं जास्त चिवट. त्याची चूक एवढीच की ते काम त्याने एकट्या डाएटच्या डोक्यावर दिलं.

माझं उत्तर आधीच सांगतो. आज बंद करू नका. डोस एक पायरी खाली आणून बघायला हरकत नाही. पंधरा दिवसांतून एकदा घ्यायचा बेत मला पटत नाही. आणि खर्च झेपत नसेल तर थांबायला ते पुरेसं कारण आहे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त थांबायचं ते ठरवून, तारीख बघून. तुम्हाला तपासणारे डॉक्टर वेगळे आहेत, मी फक्त पत्र वाचलंय. तेव्हा यातलं काहीही परस्पर न करता त्यांच्यापुढे ठेवा.

आता सासूबाईंची 'सवय'. हे वाक्य माझ्या ओपीडीत आठवड्यातून चार वेळा तरी येतं, आणि बहुतेक वेळा पेशंटबरोबर आलेल्या माणसाकडून येतं. सवय लागणं म्हणजे औषधावाचून जीव कासावीस होणं, मात्रा वाढवल्याशिवाय चैन न पडणं. या इंजेक्शनांचं तसं नाही. बंद केल्यावर हातपाय थरथरत नाहीत, झोप उडत नाही. येते ती भूक. आणि ती औषधाने लावलेली नसते, ती तुमचीच असते, वर्षभर झाकून ठेवलेली. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वर जातं तेव्हा कुणी म्हणत नाही की गोळीची सवय लागली होती. ही तुलना थोडी लंगडी आहे हे मलाही कळतं: बीपीच्या गोळ्या स्वस्त आहेत, त्यांचा अनुभव कित्येक दशकांचा आहे, आणि टिर्झेपटाइड भारतात आलं तेच मुळी मार्च २०२५ मध्ये. पण दोन्हीकडे दुखणं औषधाखाली दबलेलं असतं, गेलेलं नसतं.

ते का जात नाही, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण एकदा हे नीट समजलं की स्वतःला दोष देणं थांबतं.

शरीराच्या लेखी तुम्ही गेलं वर्षभर दुष्काळात होतात. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. कोठारात धान्य किती उरलंय याची ती मेंदूला रोज जाणारी खबर. हे लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं, तोवर चरबी म्हणजे नुसती पोती अशीच आमची समजूत होती. चरबी घटली की लेप्टिन घसरतं. जठरातून येणारं घ्रेलिन, म्हणजे भुकेची हाक, वाढतं. जेवणानंतर आतड्यातून 'पुरे झालं' असा जो निरोप जातो तो मंदावतो. शिवाय शरीर काटकसर करू लागतं: उतरलेल्या वजनाच्या हिशोबाने जेवढ्या कॅलरी खर्च व्हायला हव्यात त्याहून कमी खर्च होतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० लठ्ठ माणसांना १० आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. त्यानंतर पूर्ण वर्ष गेल्यावर त्यांचं रक्त पुन्हा तपासलं, तर ही संप्रेरकं पूर्ववत झालेलीच नव्हती. भूकही वाढलेलीच होती. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी मी पेशंटना 'एवढं उतरवलंत, आता थोडा संयम ठेवा' असं सांगायचो. तो वाचल्यावर ते वाक्य बंद केलं.

म्हणजे ९६ वरून ७८ वर आलेल्या तुम्ही आणि पहिल्यापासून ७८ किलोच्या तुमच्या एखाद्या सहकारी बाई एका पंगतीला बसलात, दोघींना सारखंच ताट वाढलं, तरी दोघींचं शरीर त्याचा हिशोब वेगळा मांडतं. तुमचं शरीर १८ किलोंची उधारी वहीत लिहून बसलेलं असतं.

टिर्झेपटाइड जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या दोन संप्रेरकांची नक्कल करतं. सेमाग्लुटाइड हे याच गटातलं दुसरं औषध एकाची करतं. मेंदूला 'पोट भरलं' हा निरोप खणखणीत पोचतो, सुरुवातीला पोटही सावकाश रिकामं होतं. सातपूरच्या कारखान्यातला माझा एक पेशंट म्हणाला होता, "साहेब, मिसळ अजून आवडते, पण आता ती मला रविवारी सकाळी उठवत नाही." औषध काय करतं हे मी इतक्या थोडक्यात कधी सांगू शकलो नसतो. पण हा परिणाम औषध रक्तात असेपर्यंतचा. ते मेंदूची घडण बदलत नाही, वहीतली उधारी फेडत नाही.

बंद केल्यावर काय होतं, याचा अंदाज बांधायची गरज उरलेली नाही. ते मोजून झालंय. तुमच्याच औषधावरचा सर्माउंट-४ हा अभ्यास घ्या. सगळ्यांना आधी ३६ आठवडे टिर्झेपटाइड दिलं, वजन सरासरी २०.९ टक्के उतरलं. मग ६७० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं औषध चालू, दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोघांनाही. पुढच्या ५२ आठवड्यांत औषधवाल्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं, दुसऱ्यांचं १४ टक्के परत चढलं. सेमाग्लुटाइडचं हेच. स्टेप-१ या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं. त्यातल्या काही जणांवर औषध थांबल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवलं, तर गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला होता. वजनाबरोबर बीपी आणि साखरही परतीच्या वाटेला लागली.

आता याच आकड्यांतली एक गोष्ट, जी औषध 'चालूच ठेवा' म्हणणारे आम्ही डॉक्टर सांगायला विसरतो. सर्माउंट-४ मध्ये औषध बंद झालेल्यांपैकी १६.६ टक्के लोकांनी वर्षानंतरही उतरलेल्या वजनाचा किमान ८० टक्के हिस्सा टिकवला होता. साधारण सहांत एक. औषध चालू असलेल्यांत हेच प्रमाण ८९.५ टक्के होतं. तर ताई, सहांतल्या त्या एक तुम्ही असूही शकता. तुमच्या जिममधल्या मुलाने कदाचित असंच कुणीतरी पाहिलं असेल. अडचण अशी की तो एक कोण हे आधी ओळखायची तपासणी माझ्याकडे नाही, आणि पाच जणांना परत चढलेल्या वजनाचं दुःख उतरण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. शाळेत सगळ्यांनी 'बारीक झालात' म्हटलेलं असतं ना.

मी औषधांचा भक्त आहे असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगतो. २००० च्या आसपास सिब्युट्रामिन नावाची गोळी होती. उतरलेलं वजन टिकवण्यासाठी म्हणून युरोपात तिचा दोन वर्षांचा अभ्यास झाला, आकडे छान आले. नाशिकमध्ये मी स्वतः ती लिहून दिली आहे. मग हृदयविकाराचा धोका असलेल्यांवर मोठा अभ्यास झाला, त्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढलेले दिसले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ती मागे घेतली गेली, २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली. त्याआधी रिमोनाबंट नावाचं औषध नैराश्यामुळे असंच गेलं होतं. त्या दिवसांत मी जुने केसपेपर काढून बसलो होतो, कुणाकुणाला फोन करायचा म्हणून. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी, ताकसुद्धा फुंकून पितो.

म्हणूनच नव्या औषधांच्या बाबतीत मला वजनाच्या आकड्याहून एक वेगळा आकडा जास्त धीर देतो. २०२३ च्या सिलेक्ट अभ्यासात हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले पण मधुमेह नसलेले १७,६०४ लोक होते. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. सिब्युट्रामिनने नेमकं जिथे मारलं, तिथे हे औषध तारतंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या गटातल्या औषधांच्या दीर्घकाळ वापराला मान्यता दिली, पण अटी घालून: किंमत, उपलब्धता आणि फार लांबच्या काळाची माहिती अजून अपुरी, हे त्यांनी स्पष्ट म्हटलंय. मला ती भाषा योग्य वाटते. 'आयुष्यभर घ्यावंच लागेल' असं मी पहिल्या भेटीत म्हणत नाही. 'वर्षावर्षाने बघू, पण कोर्स संपला असं होणार नाही' असं म्हणतो. खरं तर हे इंजेक्शन सुरू करण्याच्या दिवशीच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं. रस्त्यावरच्या फलकांवर 'कायमचे वजन कमी' लिहिणाऱ्यांकडून ती अपेक्षा नाही, पण प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्यांकडून आहे.

तुमचा काटा तीन महिने ७८ वर उभा आहे, याची खंत पत्रात दिसते. मला तीच आनंदाची बातमी वाटली. खाली ओढणारं औषध आणि वर ओढणारं शरीर यांची रस्सीखेच बरोबरीत आली की वजन थांबतं. आता 'औषध काम करेनासं झालं' म्हणून ते सोडणं म्हणजे दोर सोडणं.

डोस. टिर्झेपटाइड २.५ पासून सुरू होतं, महिन्याच्या अंतराने अडीच-अडीचने वर जातं, १५ ही कमाल. धरून ठेवण्यासाठी ५, १० किंवा १५ यांपैकी कुठलाही डोस चालतो, आणि सगळ्यांनी १५ वर पोचावं असा काही नियम नाही. वजन सहा महिने स्थिर राहिलं की मी एक पायरी उतरून बघतो. १० वरून ७.५, तिथे निदान १० ते १२ आठवडे थांबायचं, दर सोमवारी सकाळी वजन, आणि भूक कशी आहे याची दोन ओळींची नोंद. काटा सरकला नाही तर पुढची पायरी. दोन-अडीच किलो चढले आणि तीन आठवडे तिथेच राहिले तर मागे फिरायचं. माझ्याकडे काही जण ५ वर छान टिकले आहेत, काहींना ७.५ वर येताच रात्री फ्रीजचं दार खुणावू लागलं. कोण कुठल्या गटात हे करूनच कळतं. तुमचे अजून तीनच महिने झालेत, तेव्हा मी असतो तर आणखी तीन थांबलो असतो. खर्चाचा प्रश्न नसता तर, हेही जोडतो.

पंधरा दिवसांतून एकदा का नाही, त्याचं गणित सोपं आहे. टिर्झेपटाइडचं अर्धं प्रमाण रक्तातून जायला साधारण ५ दिवस लागतात. सात दिवसांनी सुमारे ३८ टक्के उरतं, त्यावर पुढचं इंजेक्शन पडतं, पातळी बऱ्यापैकी टिकते. चौदा दिवसांनी १४-१५ टक्केच उरतं. म्हणजे पहिला आठवडा मळमळ, दुसरा आठवडा भूक. काही ठिकाणी असं दिलं जातं आणि काही जणांना ते चालतंही, पण पैसे वाचवायचे असतील तर दर आठवड्याला कमी डोस हा त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. पेनचे 'क्लिक' मोजून अर्धा-पाव डोस काढण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. नणंदेबरोबर एक पेन वाटून घेणं तर मुळीच नको. सुई बदलली तरी एका पेनमधून दोघांना संसर्ग होऊ शकतो.

पैशांचं बोलू. मार्च २०२५ मध्ये मौंजारो, म्हणजे टिर्झेपटाइडच, आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, ५ ची ४,३७५ ला. महिन्याला चार लागतात, म्हणजे ५ चा डोससुद्धा साडेसतरा हजारांवर. नाशिकमध्ये त्या पैशात दोन खोल्यांचं भाडं जातं. इथे माझं मत थोडं व्यवहारी आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली, त्यामुळे भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. दोन औषधांची समोरासमोर तुलना झाली आहे: ७२ आठवड्यांत टिर्झेपटाइडने सरासरी २०.२ टक्के, सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के. म्हणजे बदललंत तर काटा थोडा वर सरकण्याची शक्यता आहे, हे आधीच मान्य करायचं. पण जे औषध तुम्ही पाच वर्षं विकत घेऊ शकता ते थोडं दुबळं असलं तरी, चार महिन्यांत परवडेनासं होणाऱ्या जोरदार औषधापेक्षा वजन धरायला जास्त उपयोगी. बदल मात्र डॉक्टरांनी करायचा. दोघांचे मिलिग्रॅम सारखे नसतात, टिर्झेपटाइडचे १० म्हणजे सेमाग्लुटाइडचे १० नव्हेत, तिथे वजनासाठीची नेहमीची मात्रा २.४ आहे. आणि घ्याल ते दुकानातून, बिलासकट, थंड पेटीतलं घ्या. कुरिअरने आलेल्या बिनलेबलच्या पावडरीच्या बाटल्या घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. आत काय होतं ते मला सांगता आलं नाही, विकणाऱ्यालाही आलं नसतं.

स्वस्त जुन्या औषधांपैकी ऑर्लिस्टॅट उरतं. जेवणातली साधारण ३० टक्के चरबी ते पचू देत नाही. चार वर्षांच्या एका मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांचं वजन ५.८ किलोंनी कमी राहिलं, नुसत्या आहार-व्यायामवाल्यांचं ३ किलोंनी. फरक थोडा, पण खरा. अट एकच: तेल कमी. त्यावर असताना लग्नात तर्रीदार शेवभाजी खाल्लेल्या एका गृहस्थांनी मला दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता जिममधल्या मुलाच्या बाजूने बोलतो, कारण त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि त्या अर्ध्यावर तुम्ही सध्या कमी पडताय असं पत्रावरून वाटतं. तुम्ही रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाऊण तास चालता. चांगलंच आहे. पण जे १८ किलो गेले त्यात सगळी चरबी नव्हती. या औषधांनी उतरणाऱ्या वजनात साधारण पाव ते चाळीस टक्के वाटा स्नायू आणि इतर चरबीविरहित भागाचा असतो. आपल्या लोकांची यात आधीच बोंब. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबाने वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा भारतीयही आतून चरबीवाला, स्नायू मुळातच कमी. त्यातून औषध थांबलं आणि वजन परत आलं, तर येते ती बहुतांशी चरबी. स्नायू आपोआप परत येत नाहीत. म्हणजे ९६ वरून ७८ आणि ७८ वरून पुन्हा ९६ झालेली बाई पहिल्या ९६ पेक्षा वाईट अवस्थेत असू शकते. मला सोडा-धरा-सोडा या प्रकाराची भीती वाटते ती यामुळे.

तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. पांडवलेणी चढा म्हणत नाही, गुडघा आत्ताच सावरलाय. खुर्चीवरून हात न टेकवता उठबस, भिंतीवर दंड, दोन डंबेल किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टा. डेन्मार्कमध्ये यावर एक सुंदर अभ्यास झालाय. ८ आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी १३ किलो उतरवलेल्या १९५ लोकांचे चार गट केले: कुणाला लिराग्लुटाइड हे याच गटातलं रोजचं इंजेक्शन, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही, कुणाला काहीच नाही. वर्षाअखेर दोन्ही करणारे सगळ्यात पुढे होते. मग सगळ्यांचं सगळं थांबवलं आणि आणखी एका वर्षाने पाहिलं. नुसत्या औषधवाल्यांचं वजन भराभर परत आलं होतं. ज्यांनी औषधाबरोबर व्यायाम केला होता त्यांनी बरंच जास्त टिकवलं होतं. औषधाच्या काळात अंगवळणी पडलेला व्यायाम औषधानंतरही साथ देतो, एवढं मला त्यातून घ्यावंसं वाटतं. तुम्हाला कधीतरी थांबायचं आहे ना? मग आज डंबेल उचलायला लागा.

आणि प्रथिनं. दिवसाला ७० ते ८० ग्रॅम हवीत. भूकच नसते म्हणून तुम्ही दुपारी एक पोळी, थोडी भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट असं लिहिलंय. त्यात २०-२५ ग्रॅमही जमत नाहीत. एका अंड्यात ६, घट्ट वरणाच्या वाटीत साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या वर. ताटात आधी उसळ, अंडं, दही, मग भाकरी, अशा क्रमाने खा. पोट लवकर भरतं, तेव्हा कामाचं आधी आत जाऊ द्या. नाशिककर असून मिसळ सोडायची का, असं विचारणारे भेटतात. मोड आलेली मटकी उत्तमच आहे हो. गडबड तर्री, चार पाव आणि शेवटी जिलेबी यांची असते.

नवरात्र इथेच आलं. तुम्हाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नाही, त्यामुळे साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नाही. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन आहे त्यांनी मात्र या इंजेक्शनांवर असताना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. तुमचा धोका वेगळा: नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा म्हणजे प्रथिनं जवळजवळ शून्य, पाणी कमी, बद्धकोष्ठ आधीच आहे. भगर-आमटी, राजगिरा, दही, ताक, दूध, पनीर, मूठभर शेंगदाणे यावर धरा, आणि दोन-अडीच लिटर पाणी. निर्जळी नको. उपवास सुरू होण्याच्या आठवड्यात डोस वाढवायचा नाही.

आता थांबावंच लागलं तर. काही वेळा तर त्याच दिवशी थांबावं लागतं: पोटात वरच्या बाजूला पाठीत जाणारी असह्य कळ, जी स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते; उलट्या थांबत नाहीत; दिवस राहिले. ४४ व्या वर्षी पाळी चालू असेल तर हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, आणि टिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावरचे चार आठवडे. भराभर वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होतात, त्यावर लक्ष हवं. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनचं आधी सांगा, उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर हे औषध मुळात घ्यायचंच नसतं.

पैशांसाठी थांबायचं असेल तर दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत थांबू नका. एकदम १० वरून शून्यावरही नको, पायऱ्यांनी उतरा. हे करण्यासाठी ठोस पुरावा थोडा आहे, पण पायऱ्यांवर तुम्हाला भुकेची ओळख होते, आणि अनुभवाने ते मला बरं वाटतं. मग घरात, कपाटाच्या दाराला आतून एक आकडा लिहून लावा: ८२. आजच्या वजनावर पाच टक्के. काटा ८२ ला टेकला की डॉक्टरांकडे जायचं. 'या महिन्यात गोड झालं, पुढच्या महिन्यात बघू' असं म्हणत पेशंट ९० ला पोचल्यावर येतात तेव्हा पहिले पाढे पंचावन्न. कंबरही मोजा, महिन्यातून एकदा. बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची रेषा. तुम्ही तिथवर आला नसाल बहुतेक, पण ती वाढायला लागली की काट्याच्या आधी सांगते.

पुन्हा सुरू करायची वेळ आली तर फ्रीजमध्ये उरलेलं १० चं पेन काढून टोचायचं नाही. देवळाली कॅम्पच्या एका गृहस्थांनी अडीच महिन्यांच्या खंडानंतर नेमकं हेच केलं. दोन दिवस उलट्या, मग सलाइन, क्रिएटिनिन वर गेलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. खंड लांबला की पोट औषध विसरतं, पुन्हा २.५ पासून चढायचं. एखादाच डोस चुकला असेल तर चार दिवसांच्या आत आठवला तेव्हा घ्या, त्याहून उशीर झाला तर तो सोडून ठरलेल्या वाराला पुढचा.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही, एका दिवसाचं खरंखुरं ताट लिहिलेला कागद आणि महिन्याला जास्तीत जास्त किती रुपये जमतील तो आकडा घेऊन जा. हा शेवटचा आकडा पेशंट सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही, मग तिसऱ्या महिन्यात औषध गुपचूप बंद झालेलं असतं. बीपी घरी आठवड्यातून दोनदा बघा. वजन कमी राहिलं तर उरलेली गोळीही कमी करता येईल, आणि इंजेक्शनचा डोस उतरवताना ते वर जातंय का तेही कळेल.

सटाण्याचं राहिलं. पेन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवतात. दारात नको, बर्फाच्या खणाला टेकून तर नकोच. प्रवासात दोन-तीन तासांसाठी थर्मासची पिशवी, त्यात थंड पॅक, आणि पॅक व पेनच्या मध्ये जाड टॉवेल. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, उभ्या गाडीच्या डिकीत पेन विसरलात तर ते गेलंच समजा. फ्रीजबाहेर ३० अंशांखाली किती दिवस चालतं ते तुमच्या पेनबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं, प्रत्येकाचं वेगळं. बर्फात थेट ठेवू नका. एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं.